भाऊ, तो अल्बम आला

प्रिय भाऊ,

तो अल्बम आला. तू किती महिन्यांपासून वाट पाहून राह्यला होता ना, त्या मशीनवर गाणी बनवणाऱ्या बाईचा, तोच. आपल्या यूट्यूब चॅनलखाली रोज कोणी ना कोणी लिहून राह्यलं, "ताई, रिव्ह्यू कधी?" त्यायले काय सांगू? मी तो ऐकला अन् मले काहीच वाटलं नाही. चांगला नाही, वाईट नाही. काहीच नाही! हे इथं कोणाले सांगायची सोय नाही, म्हणून तुले लिहून राह्यली.

तू गेला तेव्हापासून असंच आहे. दुकानात बसल्या बसल्या तुहं हृदय बंद पडलं, हे मले तुह्या दोस्तानं, डीजेवाल्या गजूनं, फोनवर सांगतलं. मी "बरं" म्हटलं. भावाचं मरण ऐकून कोणी बरं म्हणते काय? माय हंबरडा फोडून रडत होती अन् मी आल्यागेल्याले चहा देत होती. बायका म्हणे, पोरगी दगड झाली. तेरवीच्या भजनाले पेटी बेसूर होती, तबलेवाला अर्धी मात्रा मागं. सारे डोळे पुसत होते अन् मी मनातल्या मनात तारे देऊन राह्यली होती. पाचातले दीड. तू असता तं एकच दिला असता.

लोक पहिले किती हसले होते, आठवते? किन्हीराजाच्या स्टँडवर मोबाईल दुरुस्तीचं दुकान, अन् त्यात बसून आपण दोघं विलायती पॉप-रॉकचा निकाल लावतो, तोही आपल्या वऱ्हाडीत! काका म्हणे, "इंग्रजी गान्यातलं तुले काय समजते बे?" तू म्हटलं, "कोंबड्याचं तरी कुठं समजते काका? पण उठता ना तुमी?" काका त्यानंतर गुपचूप आपले व्हिडिओ पाह्यत. अजूनही पाह्यते.

नियम तुहाच. कोणताही अल्बम तीनदा ऐकल्याबिगर तोंड उघडायचं नाही. एकदा कानात इअरफोन लावून, वावरात. एकदा गजूच्या गोडाऊनमधी, लग्नात वाजणाऱ्या स्पीकरच्या मोठ्या डब्ब्यांवर. अन् एकदा मायच्या चुलीपाशी, भाकरी होतात तिथं. "तीनही जागी टिकलं ते गाणं," म्हणे तू. वाशीमच्या त्या शिकलेल्या पोरानं आपल्याले अडाणी म्हटलं, तेव्हाही तू नियम सोडला नाही. लय अडेल होता रे तू!

अन् त्या अडेलपणानं एकदा कसं तोंडावर आपटवलं! लहानपणापासून आपण ती एकच रॉकची कॅसेट ऐकली, बाबांच्या टेपवर. तिची नवी आवृत्ती निघाली अन् तू कॅमेऱ्यापुढं भडकला. "कंपनीनं गाणं पळवलं! बैलाच्या शेपटीले फटाके बांधल्यावाणी पळून राह्यलं!" मीही मान हलवली, मलेही तसंच वाटत होतं. मग पुण्याच्या एका बुढ्या माणसानं लिहिलं, बेटा, तुमच्या टेपचा पट्टा ढिला असेल, तुम्ही जन्मभर हळू ऐकलं. तू टेप खोलला. पट्टा खरंच सैल, पार लोंबून राह्यलेला! दुसऱ्या दिवशी तू सरळ कबूल केलं, "गलती आमच्या टेपची. कंपनीले तीन तारे, आमच्या पट्ट्याले पाच." किती हसलो आपण. आता ते हसू मले दिसते, पण येत नाही.

तं तुह्या नियमानं मी ऐकला हा अल्बम. पहिल्यांदा तुरीत उभी राहून. दुसऱ्यांदा गजूकडं. चौथ्या गाण्यात बराच वेळ नुसती खरखर चालते, कोणा बाईच्या आवाजाचे बारीक तुकडे केलेत, अन् मग एकदम बेस येते. गोडाऊनच्या छताचं टिन थरथरलं. गजू उभ्या उभ्या रडला. मी पाह्यलं, तिथं डाव्या डब्ब्याचा आवाज फाटून राह्यला. तेवढंच सांगतलं त्याले.

तिसऱ्यांदा घरी लावायले गेली तं काकू आडवी आली. "वरीस होईस्तोवर घरात गानं वाजत नाही वो. लोक काय म्हनतीन?" खरंच आहे ते. दिवाळीतही आपण टीव्ही आवाज बंद करूनच पाह्यला. मले तं सुटल्यासारखं झालं, भाऊ. तिसऱ्यांदा ऐकलंच नाही तं रिव्ह्यू करायचं कामच नाही!

पण माय पिठाच्या हातानं म्हणाली, "लाव तू."

काकू म्हणे, "अवो बाई, पन रीत..."

"माह्या पोरानं मले ऐकवल्याबिगर एक गानं पास नाही केलं. आता तो गेला तं त्याचं काम अडवून ठेवू काय?"

लावलं. माय ऐकत बसली. भाकरी करपली. मायची भाकरी करपली तं अर्धा तारा वाढवायचा, हाही तुहाच कायदा. चौथ्या गाण्यात ते बेस आलं अन् माही मान आपोआप उजवीकडं वळली, तू डोलून राह्यला काय ते पाह्याले. तिकडं पाण्याचा माठ होता. माय पदरात तोंड घालून रडली. मी भाकरी उलटवली.

तेव्हा मले समजलं. मले काय आवडते हे मले एकटीले कधी माहीतच नव्हतं! तू चार म्हटलं की मी दोन म्हणावं, मग भांडावं, भांडता भांडता मले माहं मत सापडे. आता भांडू कोणाशी? सांग ना! जायचंच होतं तं मले एकटीनं ऐकणं शिकवून जायचं होतं.

गजू म्हणते, "ताई, पाच तारे देऊन टाक, भाऊच्या नावानं. लोक रडतीन, व्हिडिओ चालन." चालनही. पण तू वर बसून कपाळावर हात मारशीन ना? ज्यानं सख्ख्या मावसभावाच्या गाण्याले एक तारा दिला अन् मावशीच्या घरचं जेवण बंद करून घेतलं, त्याच्या नावानं खैरात वाटू?

उद्या दुकान उघडते अन् एकटीच कॅमेऱ्यापुढं बसते. सांगते की बेस उशिरा येते, पण येते तेव्हा टिन हलवते. सांगते की शेवटची दोन गाणी उगाच ताणली. सांगते की मायची भाकरी करपली. अन् सांगते की मले स्वतःले काहीच वाटलं नाही, म्हणून तारे देत नाही.

मले भेव कशाचं वाटते, सांगू? एखाद्या दिवशी एखादं गाणं मले खरंच आवडन. एकटीले. त्या दिवशी तू गेला हे मले कळन. म्हणून कान बंद करून बसावं वाटते, भाऊ. पण नाही बसणार. वचन देते. नवा निघो, जुना परत निघो, प्रत्येक अल्बम तीनदा ऐकीन, ते गाणं येईस्तोवर.

तुही,
नंदा