हेंगकाकांकडचं मडकं

प्रिय लमायताई,

आणि हे दहा धंदे कुणी मोजले गं? मोजून पाच आहेत. माणसं दोन दगडांवर पाय ठेवतात, आमचा बुनमा दहांवर ठेवतो, पण घराकडे एकही पाय वळत नाही, असं भावोजींसमोर म्हणालीस म्हणे. मागच्या पत्रात तेच, त्याच्या आधीच्या पत्रातही तेच. भातलावणीला आलो नाही, मान्य. पण मी इथे समुद्रकाठी क्राबीला मजा मारत बसलोय, हे तू कशावरून ठरवलंस?

आधी नीट ऐकून घे. पहाटे बर्फाच्या कारखान्यात जातो. लाद्या आकड्याने ओढायच्या, फोडायच्या आणि पन्हळीतून बोटींच्या पोटात सोडायच्या. दुपारी फाटक्या जाळ्यांचे झोपाळे विणतो. जाळी धक्क्यावर फुकट मिळतात आणि गोरी माणसं झोपाळ्यांना बरे पैसे देतात. संध्याकाळी चिनी देवळाच्या संस्थेची गाडी. कुठे अपघात झाला, कुणी बुडालं, की आम्ही आणायला जातो. पगार नाही, एक जाकीट आणि गरम पेज मिळते. रविवारी दोर घेऊन कडे चढतो. रजा साठली की बसने भटकतो, कधी रानोंग, कधी सोंगखला, कधी पत्तानी. झाले पाच.

जमत नाही हे सगळं, ते मीही जाणतो. गाडी उशिरापर्यंत फिरली की सकाळी डोळे मिटतात. मुकादम म्हणतो, "तू कामावर येतोस की गार हवेत झोपायला?" परवा लादी सुटून पायावर पडली, अंगठ्याचं नख गेलं. आईला सांगू नकोस. झोपाळ्यांची मागणी राहून जाते, गिऱ्हाईक शिव्या घालून जातं. कड्यावर तेवढं बरं वाटतं. खाली दोर धरणारा दाम इथलाच, आपल्या ईसान मुलखावरून चिडवत तो ओरडत असतो, "ए ईसानवाल्या, सरक पुढे! तुमच्या भातासारखा चिकटून काय बसलायस?" खोटं कशाला सांगू, मजा येते. वर हाताखालच्या दगडापलीकडे काही सुचत नाही. बाकी वेळ डोक्यात काय असतं ते तुला ठाऊक आहे. आपण दोघं ते नाव लिहायचं टाळतो, एवढंच.

आज लिहितो. थोंगदीदादा याच किनाऱ्यावरून बोटीवर चढला. एक पत्र आलं, मग काहीच नाही. ताई, बर्फ घेतल्याशिवाय कुठलीही मासेमारी बोट निघत नाही, म्हणून बर्फाचा कारखाना. जाळं मागायला गेलं की खलाशी चार गोष्टी बोलतात, म्हणून झोपाळे. पाण्यातून आलेला माणूस आमच्याच गाडीतून जातो, म्हणून गाडी. चादर ओढायच्या आधी मी तोंड बघतो, तोंड राहिलं असेल तर. आणि ज्या बंदरांची रंगीत कार्डं तुला पाठवली, ज्यांच्यावरून तू मला राजपुत्र म्हणून चिडवलंस, त्या प्रत्येक बंदरात मी त्याचा फोटो दाखवत फिरलो. पत्तानीत एक स्वयंपाकी म्हणाला, असा एक जण परमुलखातल्या बेटावर उतरून पळाला, तिथेच बाई केली. रानोंगला दुसरा म्हणाला, छे, तो तांडेलाशी भांडला आणि रात्रीतून पाण्यात गेला. दोघांनीही दारू माझ्याच पैशांची प्यायली. कडे तेवढे माझ्यासाठी आहेत. बाकी चारही त्याच्यासाठी.

तू आईचं लिहिलंस ते वाचून मला जेवण गेलं नाही. गावच्या देवळाच्या भिंतीत बाबांच्या अस्थींशेजारी तिने दोन कोनाडे घेतले. एक स्वतःचा, दुसरा कुणाचा ते सांगत नाही. दादा गेला असं धरून भंतेंनी त्याच्या नावाने भात वाटायचं सुचवलं तर म्हणाली, आधी हाडं आणा, मग वाटते. आणि आता ताटाकडे बघतही नाही, नुसतं पाणी पिते.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात आमच्याकडे स्मशान धुणं होतं. आपल्या गावाकडे असलं काही नसतं. संस्थेने बेवारस म्हणून पुरलेल्यांना काही वर्षांनी वर काढतात, त्यांची हाडं धुतात आणि एकत्र अग्नी देतात, पुरुषांना वेगळा, बायकांना वेगळा. आम्ही पांढरे कपडे घालतो, मांसमच्छी सोडतो आणि दात घासायचे ब्रश घेऊन बसतो. धुतलेल्या कवटीला सोन्याचा वर्ख लावतात. थट्टाही चालते, कुणी म्हणतं, ह्याचे दात बघा, माझ्यापेक्षा बरे आहेत. संस्थेचे म्हातारे हेंगकाका फिरत असतात. घाई करू नका रे पोरांनो, म्हणतात, ह्यांना किती वर्षांत कुणी आंघोळ घातलेली नाही.

मला मिळाला तो मी इथे यायच्या आधीच्या एका पावसाळ्यात किनाऱ्याला लागलेला पुरुष. नडगी घासताना ब्रश अडला. मध्येच गाठ होती आणि तिथून खाली हाड वाकडं. मोडून तसंच जुळलेलं. दादा चिंचेवरून पडला होता, वैदूने कामट्या बांधल्या आणि पाय वाकडाच जुळला, आठवतं ना? हेंगकाका म्हणाले, "दमलास का रे? हात का थांबला?" मी म्हटलं, "काका, हा माझा भाऊ असेल." ते हसले नाहीत. शेजारी बसले आणि म्हणाले, "दर खेपेला कुणाला तरी असं वाटतं, बाळा. त्याचा कुठला पाय मोडला होता?"

ताई, मला सांगता येईना. मी लहान होतो. त्याचं लंगडणं डोळ्यांपुढे येतं, पण कधी तो माझ्याकडे येताना दिसतो, कधी माझ्यापासून जाताना, आणि पाय बदलतो. बाकीच्यांना अग्नी दिला. ह्याला हेंगकाकांनी मडक्यात घालून बाजूला ठेवलंय. म्हणाले, तुझा शब्द चालणार नाही, घरच्या मोठ्या माणसाच्या हातचं पत्र आण, कुठला पाय ते त्यात लिहिलेलं हवं. महिनाअखेरपर्यंत वाट बघतील, मग तोही विस्तवात जाईल.

हे पत्र त्यासाठीच आहे. तूच दादाला पाठुंगळी मारून वैदूकडे नेलं होतंस, तुला आठवत असणार. माझ्या हातात होतं ते हाड डाव्या पायाचं. डावा असेल तर डावा लिही. उजवा असेल, तर दादा कुठल्यातरी बेटावर बाईपाशी असेल, नाहीतर तळाशी असेल, आणि मी आणखी दहा वर्षं बर्फ फोडत त्याला शोधू शकतो. पण आई तेवढी थांबणार नाही. आणि खरं सांगू, मीही थकलोय. तेव्हा उजवा असला तरी डावाच लिही. खरं काय ते मला कधीच सांगू नकोस, मी पाया पडून विचारलं तरी. आईला वाकडं हाड हाताला लागलं की पुरे, कुठल्या पायाचं ते तिला कळायचं नाही. मडक्यातला जो कुणी असेल, त्याचं आपल्या भिंतीत काही वाईट होणार नाही. तुझं उत्तर मिळालं की मी त्याला मांडीवर घेऊन बसने निघतो. तू भंतेंना दिवस विचारून ठेव. तांदळासाठी आणि त्यांच्या चीवरांसाठी आजच मनीऑर्डर केली आहे, चार हजार दोनशे बाट.

तुझाच धाकटा,
बुनमा