बिबळ्याचा पेला

आबा, तुमच्या पायाचा वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. आज कॉलेजात एका पावडरवाल्याचं भाषण झालं, तेव्हा तो वास आणखीच दाटला. मधुमेहातला दाह कमी करणारे वनस्पतींमधले घटक, असा भारदस्त विषय. पडद्यावर हिरवीगार पानं, आणि शेवटी त्याचा डबा. म्हणे, गोळ्यांना रामराम ठोका! मी, औषधशास्त्र शिकवणारी बाई, पुढच्या रांगेत बिस्किट खात बसले होते. त्याची किळस आली, आणि टाळ्या वाजवणाऱ्या माझ्या हातांचीही.

तुमचा मधुमेह बळावला तेव्हा मी औषधशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होते. बिबळ्याच्या लाकडातल्या घटकांनी उंदरांची सूज उतरते, साखरही उतरते, असं वर्गात नुकतंच शिकवलेलं. लोणखेड्याच्या वसतिगृहातून घरी आले ती विदुषी होऊनच. वाकडी वाट करून तळोद्याच्या बाजारातल्या पेलेवाल्याकडून त्या लाकडाचा पेला आणला. तुम्ही चुलीजवळ बसला आहात, पायाच्या अंगठ्यावरच्या जखमेला चिंधी, पेल्यात रात्रभर ठेवलेलं तांबूस पाणी कौतुकानं बघताय. "माय, मंग गोळ्या खाऊ का बंद करू?" तुम्ही मला विचारता. पुस्तकातून मान वर न काढता मी म्हणते, "बंद करी देखा ना आबा, थोडा दिन." मन्ही पोर डाक्टरीन शे, असं तुम्ही गावभर सांगितलंत. दोन महिन्यांत अंगठा काळा पडला, मग पाऊल. चिंधी सोडली की आई पदर नाकाला लावायची. मी तर उठून ओट्यावर जायचे. तुम्ही गेलात तेव्हा थोरला दादा म्हणाला, त्या पेलेवाल्यानंच मारलं आबांना. मी होकाराची मान हलवली.

आज भाषण संपल्यावर तडक तळोद्याला गेले. कोणावर तरी ओरडायचंच होतं. पेलेवाला तोच, डोंगरातला, आता केस पांढरे झालेले. एका गिऱ्हाइकाला सांगत होता, "हाई पानी पी भाऊ, पन डाक्टरनी गोळी बंद करानी नही." मी विचारलं, हे कधीपासून सांगायला लागलात? "पहिलेपासून सांगस, ताई. कोनी ऐकत नही."

खरं आहे, आबा. मलाही सांगितलं होतं त्यानं, पेला कागदात गुंडाळताना. मला तो अडाणी वाटला होता.

हे पत्र दादाच्या हातात द्यायला हवं. मी ते कपाटात ठेवते आहे.