फार महाग

मंगळवार, ४
आजचा शब्द — महाग! गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मुलाकडे आहे. बसल्या बसल्या सूनबाईला रोज एक मराठी शब्द शिकवते. ती दोघं आपसात तिच्याच भाषेत बोलतात. समोरच्या दुकानातले बूट दाखवून सांगितलं — हे महाग. महागडे. अव्वाच्या सव्वा भाव. डोळे पांढरे होतील असे! "महाग — कळलं, कळलं," म्हणाली. बाकीचे अर्थ मी उद्यावर ढकलले. हुशार आहे.

गुरुवार, ६
मुलगा ट्रक घेऊन लांब गेलाय. सूनबाई इस्पितळातली ड्यूटी संपवून आली. माझी औषधं टेबलावर ठेवली, माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "आई, तुम्ही मला फार महाग."
वर हसली!
औषधांच्या पाकिटांवरच्या किमती वाचत बसले. खोटं नाही बोलली. पण हसून?

शुक्रवार, ७
मुलाला फोनवर सांगितलं, रविवारी माझ्या घरी निघते.
"अगं, असं अचानक?"
"कुणाला माझा भुर्दंड नको."
"बरं, तुझी मर्जी."
राहा म्हणाला असता तर राहिले असते. जायचं नाहीये मला. तिथे काय भिंतींशी बोलू?

शनिवार, ८
बॅग भरली. सूनबाई दारात उभी होती. मी आपली साड्यांच्या घड्या घालत राहिले.

रविवार, ९
मुलगा सकाळी आला. भुर्दंड कसला, म्हणून खनपटीलाच बसला. शेवटी सांगितलं, तर पोट धरून हसायला लागला! "आई, तिच्या भाषेत महाग आणि लाडकं, दोन्हीला एकच शब्द आहे. मलासुद्धा परवा फोनवर 'महाग नवरा' म्हणाली!"
कान गरम झाले माझे. पण निघते म्हटलं होतं ना! मोडेन पण वाकणार नाही — आमच्या घराण्याचं जुनं दुखणं. निघालेच.
बसची वाट बघता बघता तिला राहिलेला धडा दिला. एखादी गोष्ट मिळेनाशी झाली, की म्हणायचं — अन्नाला महाग झालो, पाण्याला महाग झालो.
"हे पण महाग?" म्हणाली, आणि पुटपुटत बसली.

बुधवार, १२
सूनबाईचा फोन. आवाज अगदी बारीक. "आई, मी तुमच्या हाकेला महाग झाले."
विभक्तीसुद्धा बरोबर!
बॅग अजून सोडलेली नाही. उद्याची पहिली बस.