भरलेला पेन ड्राईव्ह आणि दुसरं ताट

अहो,

आधी "प्रिय" लिहून पाहिलं. मग खोडलं. उभ्या संसारात मी तुम्हाला कधी प्रिय म्हटलं काय? "अहो" म्हटलं की आतून "हं" यायचं, तेवढ्यावर सगळं चाललं. म्हणून अहोच बरं.

पत्र लिहायचं कारण आपला टीव्हीचा डबा, तोच, सेट-टॉप बॉक्स. हसू नका! उद्या सकाळी सलीमभाई मेहकरहून येणार आहेत, डबा बदलायला. दोन महिने झाले, तो आपोआप बंद पडतो. कधी थापट मारली की चालू होतो, कधी होत नाही. गरम तर इतका होतो की मांजर येऊन त्याच्यावर बसते. मी म्हटलं, दुरुस्त करा. सलीमभाई म्हणाले, "वहिनी, याचं वय झालं. आता याले दवा नाही."

दुसरं कोणी असतं तर म्हटलं असतं, गेला तर गेला. पण तुम्हाला माहीत आहे त्याच्या पाठीमागे काय खोचलेलं आहे. तो पेन ड्राईव्ह. आणि त्यातली कीर्तनं ज्या डब्याने भरली त्याच डब्यावर लागतात, दुसऱ्या डब्यावर नाही. तुम्हीच सांगितलं होतं ना, "हे म्हणजे लाजरी पोरगी हाये. माहेरीच बोलते, सासरी तोंड उघडत नाही." उद्या माहेर मोडणार. म्हणून आज बसले लिहायला.

आठवतं काय हे सगळं सुरू कशावरून झालं? नळावरून! बीबी गावात आपल्या गल्लीत नळ येतो तो नेमका सकाळी टीव्हीवरच्या कीर्तनाच्या वेळेला. तिकडे बुवा उभे राहिले की इकडे नळाने सूं केलं. मी हंडे भरत अंगणातून ओरडायची, "काय सांगितलं हो?" आणि तुम्ही आतून ओरडून सांगायचे, तेही अर्धं. एकदा तर देवाच्या तोंडचं वाक्य तुम्ही राक्षसाच्या तोंडी घातलं. मी चिडले. तुम्ही म्हणाले, "थांब, तुह्यासाठी बुवाले कोंडूनच ठेवतो."

जन्मभर वायरमन म्हणून खांबावर चढलेला माणूस, तुम्हाला वायरीचं काय भेव! सलीमभाईंना बोलावलं, त्यांनी डब्याची पाठ दाखवली. इथे पेन ड्राईव्ह लावला की कार्यक्रम भरून घेता येतो. पाहिजे तेव्हा लावा, पाहिजे तिथे थांबवा. तुम्ही म्हणाले, मेहकरहून एक मोठा आणतो. आणि मी काय म्हटलं?

"घरात एक पडला आहे ना टेबलाच्या खणात? तोच लावा. नवा कायले पाहिजे?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं काटकसरीचं कौतुक आहे. तुम्ही खणातून तो काढला, पुसला, लावला. पडद्यावर इंग्रजीत चार ओळी आल्या. मी मॅट्रिक आहे, मन लावून वाचलं असतं तर समजलं असतं. पण माझं दूध गॅसवर होतं. तुम्ही विचारलं, "दाबू काय?" मी म्हटलं, "दाबा ना, विचारता काय!"

तुम्ही दाबलं.

त्यातलं सगळं पुसलं जाईल, असं त्या चार ओळींत लिहिलं होतं. हे मला कधी कळलं सांगू? तुम्ही गेल्यावर. तेही माझ्याच वेडेपणामुळे.

झालं असं की तेरावं उरकलं, आपली वैशाली पुण्याला परत गेली, आणि घर इतकं चूप झालं की फ्रीजचा आवाज मोठा वाटायला लागला. मग मी एकेक कीर्तन लावून बसायची. कीर्तनासाठी नाही, देव मला क्षमा करो! तुम्ही पलंगावर बसून "वा बुवा, वा!" म्हणायचे ना, मांडीवर थाप मारून? मला वाटलं, बुवांचा आवाज धरला तर त्याच्यामागे तुमचाही धरला असेल. आवाज वाढवून, टीव्हीला कान लावून बसायची. टाळ ऐकू यायचे, मृदंग ऐकू यायचा, कुठे कोणी खोकलेलं ऐकू यायचं. तुम्ही नाही.

शेवटी सलीमभाईंना विचारलं, "यात यांचं वा बुवा काऊन नाही आलं?"

ते हसले नाहीत. हातातली वायर खाली ठेवली आणि म्हणाले, "वहिनी, हा डबा छत्रीतून येते तेवढंच धरते. घरातलं धरत नाही."

मग म्हणाले, "दादाचा आवाज होता या पेन ड्राईव्हमंधी. मीच भरून देल्ला होता. भजनी मंडळाचा. दादाची चार-पाच भजनं होती. लावायच्या आधी मी त्याहिले सांगतलं, दादा, हे सगळं जाईन. तर म्हणाले, जाऊ दे बे. गाणारा जित्ता हाये ना अजून!"

अहो, काऊन नाही सांगितलं मला? एका शब्दाने म्हटलं असतं, "शोभा, यात माझी भजनं आहेत," तर मी मंगळसूत्राची एक वाटी मोडून नवा पेन ड्राईव्ह आणला असता! की माझा स्वभाव ओळखून गप्प बसले? खरं सांगा, तेव्हा कळलं असतं तरी मी काय म्हटलं असतं? "भजनं काय, पुन्हा म्हणा अन् पुन्हा भरा," असंच म्हटलं असतं. तेच मला रुततं. सलीमभाईंच्या ज्या मोबाईलमध्ये ती भजनं पहिल्यांदा घेतली होती, तो कधीचाच मोडीत गेला. त्यांनी जुनी खोकी उपसून पाहिली बिचाऱ्यांनी. काही मिळालं नाही.

दुसरा गुन्हाही माझाच. हा पेन ड्राईव्ह लहान. वर्षभरात भरत आला. पडद्यावर रोज सूचना यायला लागली, जागा संपत आली, जुनं पुसा. तुम्ही रिमोट माझ्या हातात द्यायचे, "सांग, कोणतं पुसू?" मला एकही पुसवेना. हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर मी यादी केलेली, कारण पडद्यावर नुसता वार आणि वेळ दिसते, आत काय आहे ते दिसत नाही. मी वही उघडायची. हे पुसावं तर यात द्रौपदीची थाळी. ते पुसावं तर त्यात जनाबाईचं जातं. देवाचं नाव घेतलेलं आपल्या हाताने पुसायचं कसं? तुम्ही म्हणायचे, "मंग मोठी हार्ड डिस्क आणू. तिले वेगळी वायर लागते लाइटची, मी बसवतो." मी म्हणायची, "दिवाळी होऊ द्या."

"पुसायचंही नाही अन् घ्यायचंही नाही! तुह्या घरात देवालेही उभं राहायले जागा नाही बापा," तुम्ही म्हणायचे. वडनेरच्या माझ्या अख्ख्या माहेराला चिक्कू म्हणून घ्यायचे. मी हसायची. किती हसलो आपण त्या जागेवरून!

आणि मग तो दिवस.

सकाळी मी नळावर होते. तुम्ही आत कीर्तन भरायला लावलं आणि बसून पाहिलंही. दुपारी जेवणं झाल्यावर तेच मला लावून दिलं. तुमचं दुसऱ्यांदा, माझं पहिल्यांदा. बुवांनी गोष्ट काढली. एक म्हातारी असते, एकटी. रोज नैवेद्याची दोन ताटं वाढते. एक देवापुढे ठेवते. दुसरं उंबऱ्यापाशी, पाट मांडून, तांब्या भरून. गाव हसतं. शेवटी एक जण विचारतो, "म्हातारे, एक ताट देवाचं, समजलं. दुसरं कोणाचं?"

तेवढ्यात दारात शेजारच्या कमलबाई. "वायरमन काका, पंखा बंद पडला, पाहता काय जरा?"

तुम्ही रिमोट उचलला, कीर्तन थांबवलं. मी म्हटलं, "चालू राहू द्या, मी पाहते." तुम्ही म्हणाले, "नाही. मी आल्याशिवाय पुढचं पाहू नको. मले माहीत हाये दुसरं ताट कोणाचं ते. आल्यावर सांगतो."

चष्मा नीट केला, खिशात टेस्टर अडकवला आणि गेले. तीन घरं पलीकडे. विजेने काही केलं नाही तुम्हाला, विजेची काय हिंमत! पंखा फिरायला लागला, तुम्ही स्टुलावरून खाली उतरले, पाणी मागितलं, आणि कमलबाई पाणी घेऊन येईपर्यंत संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय.

ते कीर्तन मी त्यानंतर लावलं नाही. बाकीची ऐकली, ते नाही. यादीत ते सगळ्यात शेवटी दिसायचं. एकदा चुकून त्यावर बोट पडलं तर पडद्यावर प्रश्न आला, जिथे थांबलात तिथून, की पहिल्यापासून? मी घाबरून टीव्हीच बंद केला. तुम्ही जिथे थांबवलं ती जागा डब्याने धरून ठेवली होती. घरातलं धरत नाही म्हणतात, पण तेवढं धरलं होतं! मी पुढचं पाहिलं असतं तर तुमचं "आल्यावर सांगतो" संपलं असतं. वर्षश्राद्ध झालं तरी ते तसंच होतं.

आता उद्या डबा जाणार. आज पाहिलं नाही तर कधीच नाही. सकाळी तुळशीला पाणी घातलं, देवाला विचारलं, पाहू काय? दुपारी एकटीचं उपासाचं ताट वाढलं, अर्धं खाल्लं. मग हात धुऊन, पलंगावर तुमची जागा सोडून बसले आणि रिमोट घेतला. तुम्ही येईपर्यंत पाहू नको म्हटलं होतं. पण तुम्ही आले नाही ना! मग काय करू मी?

"जिथे थांबलात तिथून" दाबलं.

म्हातारी हसली. आणि बुवांनी तिथेच अभंग धरला! तुम्हाला माहीत आहे ना बुवांची सवय, ऐन वेळेला ताणतात. टाळकरी नाचले, मृदंगवाल्याने सगळं कसब दाखवलं. मी म्हणत होते, "अहो बुवा, आटपा, डबा बंद पडेल!" एक हात डब्यावर ठेवून उभी होते, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. शेवटी बुवांनी हात वर केला. सगळं शांत झालं. बुवा म्हणाले, "आता ऐका माय-बापहो, म्हातारी काय म्हणाली..."

आणि पडदा काळा.

मला वाटलं डबा गेला. पण डबा चालू होता. पडद्यावर दोन ओळी होत्या. या वेळी मी दूध-बिध काही पाहिलं नाही, चष्मा लावून एकेक शब्द वाचला. जागा अपुरी असल्यामुळे कार्यक्रम इथपर्यंतच भरला गेला आहे, असं होतं ते.

जागा संपली होती, अहो! माझी दिवाळी, माझं "पुसू नका", माझं "घेऊ नका". एकदा तुमचा आवाज खाल्ला, आता ही गोष्ट खाल्ली. मग तुमचंच बोलणं कानात आलं, "देवालेही उभं राहायले जागा नाही बापा," आणि मला हसू फुटलं. एकटीच हसले. मग बाकीचं जे व्हायचं ते झालं.

संध्याकाळी वैशालीचा फोन आला. तिला सांगितलं. ती म्हणाली, "आई, एवढंच ना? बुवांचं नाव सांग, मी मोबाईलवर शोधून पाठवते पूर्ण कीर्तन." मी म्हटलं, "नाव आठवत नाही." खोटं बोलले. एकादशीच्या दिवशी खोटं बोलले, लिहून ठेवते. बुवांचं नाव मला माझ्या नावाइतकं पाठ आहे.

आता ऐका. उद्या सलीमभाई नवा डबा लावतील आणि विचारतील, हाच पेन ड्राईव्ह नव्याला लावू काय, पुसून? मी नाही म्हणणार आहे. मोठी हार्ड डिस्क घेऊन याच, असा निरोप दिला आहे. किंमत विचारली नाही. खरंच नाही विचारली! तिच्यासाठी लाइटचं बटण कुठे काढायचं ते तुम्ही भिंतीवर पेन्सिलीने खूण करून ठेवलेलं आहे, कपाटामागे. तिथेच काढायला लावते. पडद्यावर ओळी आल्या की आधी मी वाचेन, मगच दाबू देईन. तुमचा हा लहानगा पेन ड्राईव्ह तुमच्या टेस्टरजवळ राहील. पुसणार कोणी नाही.

आणि म्हातारीची गोष्ट मी कोणाला विचारणार नाही. मंदिरात कोणी काढली तर उठून येईन. वैशालीने पाठवली तर उघडणार नाही. हे वचन देते. तुम्ही सकाळी पूर्ण पाहिलं होतं, दुसरं ताट कोणाचं ते तुम्हाला माहीत आहे, आणि सांगतो म्हणाले होते तेही तुम्हीच. आल्यावर सांगतो म्हणाले होते.

तुम्ही काही आले नाही. आता मी आल्यावर सांगा.

तुमची,
शोभा

(नावाआधी "सौ." लिहायला हात गेला होता. जुनी सवय. खोडावं लागलं नाही, वेळेवर थांबला.)