कडूबादादाची पाणपोई

२ सप्टेंबर १९६४, नांदुरा

मालकांनी बोलावलं. कापसाच्या जिनिंगमध्ये टाइमकीपर होऊन, गेटवर हजेरी आणि गेटपास लिहीत सात वर्षं झाली, आज पहिल्यांदा बसायला खुर्ची मिळाली.

‘कडूबा आपला माणूस होता. त्याच्या नावानं लोकायच्या भल्याचं काहीतरी करा म्हनतो. काय आवडे त्याले?’

‘चहा,’ मी म्हणालो.

‘मंग पाणपोई करू.’

दादाला जाऊन आठ महिने झाले. तेल द्यायला वाकला आणि गळ्यातला दुपट्टा इंजिनच्या मोठ्या पट्ट्यात गेला. मी एवढंच म्हणालो — पाणपोई राहू द्या, पट्ट्याला लोखंडी जाळी बसवा.

‘जाळी बसवली तं तेलासाठी घडीघडी इंजिन बंद करा लागते. मंग रुई कवा निघन?’ मग — ‘पाहू.’

३ सप्टेंबर

रुख्मिणीवहिनींना सांगितलं. ‘पाणपोई काऊन? ते मरतानी तहानलेले होते का भाऊजी?’

१४ सप्टेंबर

कामगार कल्याण समितीची पहिली सभा. समिती म्हणजे मालक, मालकांचे मेहुणे, मॅनेजर वामनराव आणि ‘मयताचा भाऊ’ म्हणून मी. पाणपोईच्या पाटीवर अक्षरं केवढी, यावर एक तास गेला. वामनराव म्हणाले, ‘मयताचं नाव बारीक ठेवा. नाही तं लोकायले वाटन, जिन त्याचंच हाये.’

शेवटी दोन मिनिटांत जाळी मंजूर! मी लगेच सही केली.

१५ सप्टेंबर

झोप लागली.

२८ सप्टेंबर

खामगावहून जाळी आली. हिरवा रंग. दोनदा हात लावून पाहिला.

३ ऑक्टोबर

जाळी बसवली — पाणपोईला!

शेळ्या संगमरवराला अंग घासतात म्हणे. वामनरावांना विचारलं, तर ‘अबे, फोटोवाला येऊन राह्यला. पट्ट्याचा फोटो कोन काढते?’ जाळीला दार, दाराला कुलूप, किल्ली ऑफिसात. ज्याला तहान लागेल त्याने अर्ज करायचा नाही, नुसतं तोंडी सांगायचं. ऑफिस बारा ते तीन बंद.

८ ऑक्टोबर

उद्घाटन झालं. पहिला पेला वहिनींनी मालकांना द्यायचा होता. दिला. फोटोवाला म्हणाला, पुन्हा. मालक चार पेले प्याले. ‘बाई, जराशा हसा!’ वहिनी हसल्या नाहीत, म्हणून पाचवा.

मग मालकांनी जाहीर केलं — दसऱ्याच्या मुहूर्तापासून वहिनींना कामावर घेतलं. मोठ्या पट्ट्याखालची झाडझूड. ‘नवऱ्याची जागा बायकोले! आमचं जिन मानसाले इसरत नाही!’

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. हे मी इथेच लिहू शकतो.

घरी येताना वहिनी म्हणाल्या, ‘घरात दाने नाहीत, नाही कशी म्हनू? पदर घट्ट खोचून घेईन.’

मी ‘हो’ म्हणालो. दुपट्टाही दादाने घट्टच गुंडाळला होता.

१० ऑक्टोबर

मालकांना लेखी अर्ज दिला. पाणपोईची जाळी काढून पट्ट्याला बसवावी, निदान वहिनींना दुसरं काम द्यावं. मालकांनी तो उभ्याउभ्याच वाचला.

‘जाळी काढली तं गाव म्हनन, कडूबाचा मान काढला. तुलेच वाईट वाटन बे!’

११ ऑक्टोबर

अर्जावर शेरा — पुढच्या हंगामात विचार करू.

१२ ऑक्टोबर

वहिनींनी लुगड्याचा पदर दोन वीत कापून शिवला. मला दाखवला. ‘आता पुरते का?’

१५ ऑक्टोबर, दसरा

इंजिनला हळद-कुंकू वाहिलं, नारळ फुटला. जिन चाललं नाही. पावसाळ्यात काढून कोठीत ठेवलेला मोठा पट्टा जागेवर नाही. नवा मुंबईहून यायला महिना लागेल. वामनराव घामाघूम होऊन गेटपासचं पुस्तक उलटताहेत. आत्ता सापडेलच त्यांना — परवाची तारीख, भर दुपारची वेळ, अक्षर माझं, सही माझी : पट्टा, एक नग, बैलगाडीने बाहेर. परत आणण्याची मुदत : जाळी बसेपर्यंत.