न मारलेली रेघ

बाबा, "रिकामी ओळ दिसली की भल्याभल्यांचा हात शिवशिवतो," असं तुम्ही म्हणाला होतात. बोटीवरून सुट्टीला आला होतात. आंग मो किओ उपनगरातल्या आपल्या फ्लॅटमध्ये माझी शाळेची वही बघताना, इंजिनरूमच्या लॉगबुकात मारायचात तशी प्रत्येक कोऱ्या जागेवर तुम्ही तिरकी रेघ मारत सुटलात. आई ओट्याजवळून ओरडली, "अहो, वही आहे ती पोरीची, जहाज नाही!" दुसऱ्या दिवशी बाईंची बोलणी मी खाल्ली.

तुमचा तो संशय मी तसाच उचलला. विद्यापीठात माझ्याकडे पीएचडी करणाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगते: प्रयोगाची वही रोज लिहा, मागाहून काही घुसडता येऊ नये म्हणून उरलेल्या जागेवर रेघ, खाली तारीख आणि साक्षीदाराची सही. कल्पना कुणाची, हे पुढे त्यावरूनच ठरतं. यंदा त्यांतल्या एका मुलीला जहाजाच्या तळातल्या पाण्यातून तेल वेगळं काढणारी गाळणी सुचली. शेजारच्या लॅबचे प्राध्यापक तिच्याशी फार गोड बोलायला लागले, तेव्हा मीच तिला म्हटलं, "वही कुलपात ठेव. कुणावरही विश्वास टाकू नकोस."

गुरुवारी ती साक्षीदाराची सही घ्यायला आली. मी सही केली, आणि तिने लगेच मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढला. "माझ्यावरही संशय?" मी हसत विचारलं.

"नो लाह, प्रोफ," ती इथल्या इंग्रजीत म्हणाली. "यू सेड डोन्ट ट्रस्ट एनीवन."

ती हसली नाही, बाबा. आणि तिचं चुकलंही नाही. कारण माझ्या वहीत, तिच्या तारखेच्या दोन आठवडे आधीचं एक पान अर्धं कोरं आहे. त्या दिवशी हीच गाळणी माझ्याही मनात आली होती, असं मला अलीकडे वाटायला लागलंय. की जेवताना तिनेच सांगितलेलं मला माझं वाटतंय? सोमवारी विद्यापीठाच्या फॉर्मवर 'मूळ कल्पना कोणाची' या रकान्यात नाव भरायचंय. तिचं पुढचं सगळं त्या एका रकान्यावर आहे.

तुम्हाला एकदा चीफ इंजिनियरने न झालेली पंपाची तपासणी मागची तारीख घालून लिहायला सांगितली होती. तुम्ही "नाही साहेब" म्हणालात. पुढची बोट मिळायला आठ महिने लागले. आई चिडचिड करायची आणि तुम्ही मुकाट्याने मेथी निवडत बसायचात.

हे सगळं आठवतंय, तरी त्या अर्ध्या पानावर मी अजून रेघ मारलेली नाही. साक्षीदाराची जागाही रिकामीच आहे. नाही म्हणाल, ठाऊक आहे. तरी विचारते. मागची तारीख घालून तिथे सही कराल?