माझ्या कंपनीचा टॅबलेट

४ मार्च, सोमवार

विभागप्रमुख बाईंनी माझ्या टेबलावर दोन टॅबलेट ठेवले. "वाचा गेलेल्या पेशंटना कुठला सोपा जातो, ते दोन आठवड्यांत लिहून दे. त्यावरून सहा घ्यायचेत."

एक माझ्या लाडक्या कंपनीचा! म्हणजे निकाल लागल्यातच जमा. अकरा वर्षं माझा फोन, घड्याळ, सगळं त्यांचंच. दुसरा नुसता ठोकळा. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. असो, नाटक तर करायला हवं.

५ मार्च

ताईला फोनवर सांगितलं. हसत सुटली. "तू काय त्या कंपनीची सून आहेस? एवढी बाजू तर नवऱ्याचीही घेत नाहीस!"

७ मार्च

शिंपीकाकांपासून सुरुवात. पक्षाघाताने वाचा गेली, उजवा हात गेला. दोन महिने माझ्याकडे वाचा-उपचार चालू. समजतं मात्र सगळं. चित्रावर बोट ठेवलं की टॅबलेट तो शब्द बोलतो — पाणी, दुखतंय, नको. माझ्या टॅबलेटवर दहापैकी तीन बरोबर. पाणी हवं तर 'पंखा'! काकू शेजारी अंग चोरून बसलेल्या, जणू परीक्षा त्यांचीच.

ठोकळ्यावर सात. पण तो नंतर दिला ना — तोवर सराव झालेला. तसंच लिहिलं.

८ मार्च

आज ठोकळा आधी. आठ. मग माझा. चार. काका दमले असणार. काकांच्या केसपेपरवर शेरा लिहिला — 'एकाग्रता कमी. प्रगती नाही.'

१२ मार्च



डॉक्टर म्हणाले, "शिंपीकाकांचे उपचार थांबवू या. तुमचाच शेरा आहे, प्रगती नाही म्हणून. बाकीचे पेशंट किती दिवस ताटकळलेत. शुक्रवारी बैठकीत नक्की करू."

मी मान डोलावली. डोलावली! टॅबलेट नापास होऊ नये म्हणून मी माणसाला नापास केलं.

१३ मार्च

आज पडद्याकडे बघितलंच नाही. फक्त काकांचं डावं बोट बघितलं. थरथरत जातं ते 'पाणी'वरच! पण वाटेत शेजारच्या चौकोनाला निसटतं लागतं आणि माझा टॅबलेट तेवढ्यावरच बोलून मोकळा. ठोकळा बोट स्थिर होईपर्यंत थांबतो. मी त्याला मठ्ठ म्हणत होते.

माझ्या टॅबलेटात तशी काही सोय आहे का, म्हणून तासभर शोधलं. नाही. तरी शोधत राहिले — खोड जाता जात नाही.

शेवटी पलीकडच्या खोलीतल्या सहकारी बाईला बोलावलं. तिला दोन्ही कंपन्या सारख्याच. म्हटलं, तू चाचणी घे, मी बाहेर थांबते. माझ्या टॅबलेटवर तीन, ठोकळ्यावर नऊ.

१५ मार्च, शुक्रवार

सगळ्यांसमोर सांगितलं. "शेरा चुकीचा आहे. काकांचं लक्ष पूर्ण असतं. मला माझी कंपनी आवडते, म्हणून मी दोष त्यांच्यावर ढकलला." डॉक्टरांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "लेखी द्या." तिथेच दिलं. जुना शेरा रद्द. उपचार आणखी तीन महिने चालू!

बाहेर आल्यावर विभागप्रमुख बाई हळूच म्हणाल्या, "अगं, मीही त्याच कंपनीची. म्हणून तर हे काम तुला दिलं — म्हटलं, तू तरी तटस्थ असशील!"

जिन्यात उभ्या राहून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. हुश्श!

१६ मार्च

नऊ तास गाढ झोपले. सहा ठोकळे मागवले.

१९ मार्च, मंगळवार

काका आत्ताच येऊन बसले होते. काकू खिडकी लावायला उठल्या. मागून खरखरीत आवाज आला — "अगं!"

"काय हो?" काकू नेहमीच्या सवयीने म्हणाल्या. आणि मग खिडकीचा गज धरून तशाच उभ्या राहिल्या.

टॅबलेट मी अजून सुरूही केला नव्हता.